टॉवेल घाम पुसायला असतो

वेदिकाची लढत बघायला कळवणकडच्या गावाहून क्रूझर भरून चौदा माणसं आली होती आणि त्या चौदांपैकी एकालाही बॉक्सिंगमधलं ओ की ठो कळत नव्हतं. कुस्तीचं विचाराल तर प्रत्येक जण प्राध्यापक! त्यामुळे नाशकातल्या द्वारका चौकाजवळच्या त्या शाळेच्या सभागृहात शिरल्या शिरल्या लहानूकाकांनी रिंगकडे बघून पहिला प्रश्न टाकला, "आन् माती कुठंय?"

"यात माती नसते, काका," रोहिणी म्हणाली.

"मग पडली तर लागंल ना पोरीला!"

"लागतंच," असं म्हणून रोहिणीने पाण्याची बादली या हातातून त्या हातात घेतली आणि तिथून सटकली. आणखी थोडा वेळ थांबली असती तर तोंडातून भलतंच काहीतरी निसटलं असतं. नऊ दिवसांपासून तिच्या पोटात एक गोष्ट होती आणि ती आता पोटात मावत नव्हती.

लहानूकाका म्हणजे वेदिकाचे वडील. नाव लहानू, पण भावांत थोरले. रोहिणीचे पप्पा धाकटे, ते नाशकात नोकरीला. दोघी चुलत बहिणी, दोघी दहावीत, दोघी अठ्ठेचाळीस किलोच्या. आठवी झाल्यावर वेदिका शिकायला नाशकात आली ती रोहिणीच्या घरी, रोहिणीच्या खोलीत, रोहिणीच्या पलंगाच्या अर्ध्या भागात. आणि वर्षभरात रोहिणीच्या वजनगटातही येऊन बसली. वाल्मीक सरांच्या क्लबातून एका गटात एकच नाव पाठवायचं होतं, म्हणून सरांनी दोघींची आपसात लढत लावली. वेदिका जिंकली. रोहिणी बाथरूममध्ये नळ सोडून रडली आणि बाहेर आल्यावर म्हणाली, साबण गेला डोळ्यात. घरात कुणाचाही विश्वास बसला नाही.

आज जिल्ह्याची निवड चाचणी होती. जिंकेल ती राज्याच्या शिबिराला जाणार. हरेल तिला पुढचं वर्ष.

आणि ती नऊ दिवसांपूर्वीची गोष्ट अशी होती. सरावात रोहिणीचा डावा हुक वेदिकाच्या कानशिलावर बसला. सर तेव्हा गेटवर कुणाशी तरी बोलत होते. वेदिकाने हेडगार्डचा हनुवटीखालचा पट्टा लावलाच नव्हता, कारण पट्टा लावला की म्हणे गुदमरायला होतं. ती आडवी झाली नाही. झाली असती तर बरं झालं असतं, सरांचं लक्ष गेलं असतं. ती नुसती खाली बसली, हसली आणि म्हणाली, "आज शाळा होती का गं?" मग उठून पाण्याच्या टाकीमागे गेली आणि भडाभडा ओकली. दुसऱ्या दिवशी सायन्सच्या ट्यूशनला तिला ट्यूबलाइटचा उजेड सहन होईना, तर कपाळावर वही धरून बसली. बाईंना वाटलं, मन लावून वाचतेय.

"सरांना सांगूया," रोहिणी म्हणाली होती.

"सांग की. माझं नाव कापतील, मग तुझं जाईल. तेच हवंय ना तुला?"

आता या बोलण्यावर माणसाने काय बोलावं! सांगितलं तर जळकी ठरणार, नाही सांगितलं तर... नाही सांगितलं तर काय होणार हे रोहिणीला नक्की ठाऊक नव्हतं. ती गप्प बसली. खरं बोलायचं तर गप्प बसायला तिलाही सोपं गेलं, कारण लागलेला ठोसा तिचाच होता.

तर सभागृहात आता सत्कार सुरू झाले होते. हिरामण आप्पा, म्हणजे दोघींचे आजोबा, एके काळी जत्रा गाजवलेले पैलवान. असा खणखणीत म्हातारा समोर दिसल्यावर आयोजक थोडेच सोडतात? "आपल्या मातीतले जुने मल्ल" अशी माइकवर आरोळी झाली आणि आप्पांना टॉवेल, टोपी, नारळ देऊन अगदी पहिल्या रांगेत, लाल कोपऱ्याच्या मागच्या सोफ्यावर बसवलं. आप्पांनी नवी टोपी जुन्या टोपीवरच चढवली. टॉवेल घडी न मोडता खांद्यावर ठेवला आणि नारळ मांडीवर घेऊन असे बसले, जणू आता लढत त्यांचीच आहे.

वेदिकाचा कोपरा लालच होता. सरांचे सहायक वजनाच्या टेबलावर अडकले होते, म्हणून सरांनी रोहिणीला हाताखाली घेतलं. बादली तिने धरायची, बाटली तिने द्यायची, टॉवेल तिने सांभाळायचा.

"तोंड उघडायचं नाही," सरांनी बजावलं. "कोपऱ्यात एकच आवाज असतो. माझा."

निळ्या कोपऱ्यात सिन्नरची सृष्टी होती. हात लांबच लांब, जणू शिडीलाच ग्लोव्हज घातलेत. घंटा झाली आणि दहाच सेकंदांत रोहिणीला कळलं की आज काहीतरी बिघडलंय. वेदिकाचे पाय म्हणजे एरवी तव्यावरच्या फुटाण्यांसारखे, एका जागी ठरतच नाहीत. आज ते चिखलातून उपसून टाकल्यासारखे पडत होते. सृष्टीचा डावा येताना दिसायचा, वेदिकाला तो लागल्यावरच कळायचा. एक. परत एक. परत तोच, त्याच जागी.

"पट काढ! अगं, पट काढ!" मागून लहानूकाका ओरडत होते.

"धोबीपछाड घाल तिला!" दुसरा कुणीतरी.

पहिल्या फेरीत एकदा पंचांनी खेळ थांबवून आठपर्यंत मोजलं. वेदिकाने हात वर केले, मान डोलावली, पुन्हा लढायला लागली. घंटा झाल्यावर ती वळली आणि सरळ निळ्या कोपऱ्याकडे चालू लागली. पंचांनी खांद्याला धरून तिला इकडे वळवलं. सभागृहात हशा पिकला. रोहिणीला मात्र हसू आलं नाही.

स्टुलावर बसल्यावर रोहिणीने तिच्या तोंडाला बाटली लावली. अर्धं पाणी हनुवटीवरून ओघळलं. चूळ बादलीत न पडता बुटांवर पडली.

"आपण कोणत्या कोपऱ्यात?" वेदिकाने विचारलं.

"लाल. वेदू, माझ्याकडे बघ. बघ माझ्याकडे."

वेदिकाने बघितलं, पण रोहिणीच्या कानामागे कुठेतरी.

"सर, थांबवूया," रोहिणी म्हणाली.

"काय?"

"लढत थांबवूया. टेबलावरचे पाचही पंच गुण सृष्टीलाच देणार. ही हरतेय, सर."

"हरतेय ते मलाही दिसतंय. मग?"

"मग कशाला खायचा मार? पुढच्या वर्षी खेळेल की!"

सरांनी वेदिकाच्या चेहऱ्यावरून टॉवेल फिरवला आणि रोहिणीकडे न बघता म्हणाले, "आपल्या क्लबात टॉवेल घाम पुसायला असतो."

कोपऱ्यातून रिंगमध्ये टॉवेल टाकला की लढत सोडली असा अर्थ होतो, म्हणून सरांचं हे वाक्य क्लबातल्या प्रत्येक पोराला पाठ होतं, आणि त्यामागची कथासुद्धा. पंचवीस वर्षांपूर्वी एका मोठ्या स्पर्धेत वाल्मीक सर तिसऱ्या फेरीला स्टुलावरून उठलेच नाहीत. भुवई फाटली होती, डोळ्यात रक्त उतरलं होतं, त्यांनी हात हलवून नाही म्हटलं. तेव्हापासून त्यांचं नाव पडलं 'बसक्या'. मंडईत भाजीवालासुद्धा म्हणायचा, "काय बसक्या, मेथी देऊ का?" लग्नाच्या बोलणीत मुलीच्या मामाने विचारलं म्हणे, बसक्या तो हाच का? सर ही गोष्ट दर वर्षी नव्या मुलांना सांगायचे आणि शेवटी म्हणायचे, "डोळा वाचला. पण त्या डोळ्याने नंतर काय काय बघावं लागलं!" रोहिणी दर वेळी ही गोष्ट ऐकून शहारायची. आज पहिल्यांदाच तिच्या मनात आलं, डोळा वाचला हे मधलं वाक्य सर किती पटकन उरकतात!

"सर, तिला आधीच..."

"कोपरा सोडा!" पंच ओरडले. स्टूल काढलं. घंटा झाली.

दुसरी फेरी म्हणजे मारच होता. वेदिकाने हात वर धरले होते खरे, पण रिकाम्या घराचं दार उघडं असावं तसे. मागे गावची माणसं अजून जोरातच होती. त्यांच्या हिशेबाने उभी असलेली पोर अजून हरलेली नव्हती. पाठ जमिनीला लागली नाही ना? मग झालं तर!

रोहिणीचा हात दोरावर टाकलेल्या टॉवेलकडे गेला. सरांनी तो बघितला. त्यांनी टॉवेल उचलला, स्वतःच्या गळ्यात घातला आणि दोन्ही टोकं मुठीत घट्ट धरली.

"हात तर लावून बघ," ते दातांतून म्हणाले.

"सर, तिला नऊ दिवसांपूर्वी लागलंय! डोक्याला! ओकली होती ती!"

"आत्ता आठवलं? नाव तिचं गेलं म्हणून पोटात दुखतंय तुझ्या. सगळं कळतं मला. बस खाली."

तेवढ्यात सृष्टीचा उजवा बसला, आणि तो आवाज असा होता की मागची चौदा माणसंही क्षणभर थांबली. वेदिका दोरांवर आदळली. पंच मध्ये आले आणि मोजू लागले. एक. दोन. मोजणी चालू असताना कोपऱ्यातून लढत सोडता येत नाही, हा नियम सकाळच्या बैठकीत सांगितला होता आणि रोहिणीने तो वहीत लिहूनही घेतला होता. पाच. सहा. वेदिकाचे डोळे सभागृहाच्या खांबावर. सात. आठ. वेदिकाने ग्लोव्हज वर केले. तेवढं तिच्या अंगवळणी होतं, झोपेतसुद्धा केले असते तिने.

"बॉक्स!" म्हणत पंचांनी लढत पुन्हा सुरू केली.

रोहिणी गर्रकन वळली. मागच्या सोफ्यावर आप्पा, आप्पांच्या खांद्यावर पांढराशुभ्र, कोरा करकरीत, दुकानाची चिठ्ठीसुद्धा न निघालेला टॉवेल. तिने तो ओढला आणि सगळा जीव लावून रिंगमध्ये भिरकावला. टॉवेल हवेत घडी मोडत उलगडला आणि दोघींच्या मधोमध पडला.

पंचांनी दोन्ही हात पसरले. लढत थांबली.

आणि मग जे झालं ते नाशकातल्या कुठल्याच माणसाच्या ध्यानीमनी नव्हतं. कळवणकडच्या जत्रेत टॉवेल फक्त एकाच वेळी उडतो. आपला पैलवान जिंकला की! टोप्या उडतात, टॉवेल उडतात, फेटेसुद्धा उडतात. नातीने स्वतः येऊन सत्काराचा टॉवेल घेतला आणि आखाड्यात उडवला, पंचाने कुस्ती सोडवली. आता याहून स्पष्ट ते काय सांगायचं? आप्पा उभे राहिले. मांडीवरचा नारळ गडगडत गेला. त्यांनी डोक्यावरच्या दोन्ही टोप्या काढून रिंगमध्ये फेकल्या आणि छाती फाटेल असं ओरडले, "आमनी पोर शे ती! आमनी पोर!"

झालं! टोप्यांचा पाऊस पडला. उपरणी गेली, रुमाल गेले, कुणाचा तरी मफलर गेला. लहानूकाकांनी तर बायकोच्या, लताकाकूंच्या, हातातली पिशवीच फेकली असती, त्यांनी ती घट्ट धरली म्हणून वाचली. वेदिकाने ते बघितलं. चारी बाजूंनी पडणाऱ्या टोप्या बघितल्या, ओरडणारे आप्पा बघितले, आणि हळूहळू दोन्ही हात वर केले. तिच्या सुजलेल्या ओठांवर हसू आलं. रोहिणीला ते हसू बघवेना.

पंचांनी एक टोपी पायाने बाजूला केली, दोघींना मध्ये बोलावलं, आणि हात वर केला तो सृष्टीचा.

पुढची पाच मिनिटं गोंधळच गोंधळ. आयोजकांनी टोप्या गोळा करून परत दिल्या, "मंडळी, शिस्त पाळा" अशी माइकवरून विनवणी केली. रिंगजवळच्या डॉक्टरांनी वेदिकाच्या डोळ्यांत बॅटरी मारली, नाव-गाव विचारलं. तिने पटापट सांगितलं. त्यांनी कागदावर महिनाभर विश्रांती असं लिहिलं, चक्कर-उलटी वाटली तर लगेच दवाखाना गाठा म्हणाले, आणि पुढच्या लढतीकडे वळले. नऊ दिवसांपूर्वीचं त्यांना कुणी सांगितलंच नाही. रोहिणी सांगायला निघाली होती, पण लताकाकूंनी तिच्या दंडाला धरून तिला सभागृहाबाहेर ओढत नेलं होतं.

बाहेर क्रूझरपाशी पंचायत बसली.

"भर सभेत," आप्पा म्हणाले. त्यांचा आवाज अगदी हळू होता आणि त्यामुळेच भीती वाटत होती. "भर सभेत माझ्या खांद्यावरचा टावेल वढला. मानाचा टावेल. आन् तो कशाला, तर माझ्याच नातीला हरवायला."

"आप्पा, मी नाही हरवलं. ती हरतच होती."

"हरतच व्हती ना? मग हरू द्यायची! माझी पाठ सात येळा लागली. सातदा. लोकांनी उचलून नेलंय मला. पर मी हून कधी 'सोडा' म्हनलो नाय. आमच्या घरात पाठ लागलेली मानसं हायत, पाठ दावलेली नायत."

"तुमची पाठ लागायची, आप्पा. हिचं डोकं फुटत होतं!"

"आवाज खाली!" लहानूकाका गरजले. "आज्याशी बोलती तू."

"खाली आवाजात बोलले तेव्हा कुणी ऐकलं? सरांनी नाही ऐकलं. म्हणून तर टॉवेल फेकावा लागला!"

"आमाला कळालं का फेकला ते," लताकाकू पुढे आल्या. वेदिकाची आई बोलायला लागली की मिरची कांडत असल्यासारखं वाटायचं. "आमची पोर तुमच्या घरी दोन घास खाती, ते डोळ्यांत सलत व्हतं. तुझी जागा घेतली म्हनून सलत व्हतं. बहीण कसली, दावा साधला तू!"

हे मात्र लागलं. कारण रोहिणीला आठवलं, पहिल्या फेरीत वेदिकाला पहिला ठोसा बसला तेव्हा तिच्या मनात, अगदी तळाशी, एक बारीकसं 'बरं झालं' उमटलं होतं. होतं उमटलं, आता नाकारून काय उपयोग! पण ते पहिल्या ठोशाला. नंतरच्यांना नाही. हे असं वेगवेगळं करून कुणाला सांगणार?

इतक्यात वेदिका आली. हाताच्या पट्ट्या अर्ध्या सुटून लोंबत होत्या. ती थेट रोहिणीसमोर येऊन उभी राहिली, इतकी जवळ की तिच्या श्वासाचा वास आला.

"जळकी," ती म्हणाली.

"वेदू, आधी बस."

"जळकी! अर्धा पलंग दिला म्हणून माझी मालकीण झालीस का? मी अजून लढले असते!"

"तुला मी दिसत पण नव्हते!"

"सगळं दिसत होतं! एक राउंड झाला होता फक्त, एक! अजून दोन राउंड होते माझे. दोन राउंडमध्ये फाडून ठेवली असती तिला. दुसऱ्या राउंडला तू मला उठूच दिलं नाहीस!"

"बघ," लताकाकू म्हणाल्या. "बघ, काय बोलती पोर. येकच फेरी खेळू दिली..."

आणि थांबल्या.

लहानूकाकांनी बायकोकडे बघितलं. आप्पांनी वेदिकाकडे. मागे गावची माणसं एकमेकांना टोपी कुणाची कुणाची विचारत होती, तीही एकेक करून वळून बघू लागली.

"दोन झाल्या ना गं, पोरी," आप्पा म्हणाले. "घंटा मी मोजल्यात."

"काहीतरीच काय, आप्पा! एकच झाला. एक झाला, मी येऊन बसले, हिने पाणी दिलं आणि टॉवेल टाकला." वेदिका सगळ्यांकडे रागाने बघत होती. "काय झालं? असं काय बघताय?"

"दोरावर पडली व्हती तू," लहानूकाका हळूच म्हणाले. "दुसऱ्या फेरीत. पंचानं मोजलं."

"मी कुठे पडले? बाबा, तुम्हीपण तिच्याच बाजूने?"

तेवढ्यात वाल्मीक सर बादली घेऊन बाहेर आले. गळ्यात टॉवेल अजून तसाच. "झालं समाधान?" ते रोहिणीवर डाफरले. "बसवलीस ना तिला? आता जन्मभर..."

"सर, तिला दुसरी फेरी आठवत नाही," रोहिणी म्हणाली.

"म्हणजे?"

मग रोहिणीने सगळं सांगितलं. डावा हुक, सुटलेला पट्टा, टाकीमागची उलटी, कपाळावरची वही. मधे कुणी थांबवलं नाही. वेदिका एकदा "खोटारडी" म्हणाली, पण तिचा आवाज आता तेवढा चढला नाही. सांगून झाल्यावर रोहिणीला वाटलं, आता तरी कुणी म्हणेल की पोरीने बरोबर केलं.

सरांनी बादली खाली ठेवली. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता, पण ते जे बोलले ते रोहिणीला कानशिलावर बसलं.

"नऊ दिवस?" ते म्हणाले. "नऊ दिवस गप्प बसलीस? सकाळी वैद्यकीय तपासणी होती, तू तिच्या शेजारी उभी होतीस. तिथे का नाही बोललीस? मी तिला रिंगच्या दारातसुद्धा जाऊ दिलं नसतं!"

"तुम्ही नाव कापलं असतं..."

"कापायचंच होतं! नाव कापायचंच होतं, मूर्ख मुली! टॉवेल कसला टाकतेस आज? नऊ दिवस उशिरा टाकलास!"

रोहिणीकडे उत्तर होतं. सर, आपल्या क्लबात थांबायचं म्हटलं की बसक्या म्हणतात, मग सांगणार कोण? हे उत्तर तिच्या ओठांवर होतं. पण सर अजून गळ्यातला टॉवेल मुठीत धरून उभे होते. आणि सरांचं म्हणणंही खरंच होतं. दोन्ही खरं होतं, हीच तर अडचण. तिने उत्तर गिळलं आणि म्हणाली, "हो. उशिरा टाकला. आता डॉक्टरकडे न्यायला पण उशीर करायचा का?"

लताकाकू सगळ्यांत आधी हलल्या. "उतरा रे," त्यांनी क्रूझरमध्ये आधीच जागा धरून बसलेल्यांना फर्मावलं. "गावाला नंतर जाऊ. उतरा सगळे." वेदिकाला त्यांनी आत बसवलं, आप्पा पुढे बसले, लहानूकाका मागे. सर म्हणाले, मी डॉक्टरांना गाठून येतो, आणि पळतच आत गेले. दार लावायच्या आधी काकूंनी रोहिणीकडे बघितलं. त्या नजरेत माया-बिया काही नव्हती.

"बस आत. काय झालं, कुठं लागलं, समदं डाक्टरला तूच सांगशील. मग तुझं माझं बघू."

रोहिणी आत बसली. वेदिकाने तोंड खिडकीकडे फिरवलं.

"मी तुझ्याशी आयुष्यात बोलणार नाही," ती काचेला म्हणाली.

"नको बोलूस. डॉक्टरांशी बोल."

द्वारका चौकात गाड्या नेहमीसारख्या एकमेकींच्या उरावर बसल्या होत्या. लहानूकाका खिडकीतून डोकं काढून रिक्षावाल्यांना शिव्या देत होते. आप्पा पुढे ताठ बसले होते, बोडक्या डोक्याने. इतक्या वर्षांत रोहिणीने त्यांना टोपीशिवाय पहिल्यांदाच बघितलं.

"कुठे चाललोय आपण?" वेदिकाने विचारलं.

"दवाखान्यात," काकू म्हणाल्या.

"का? माझी लढत?"

"झाली."

"काय झालं?" ती रोहिणीकडे वळली. आयुष्यात बोलणार नव्हती ते विसरली होती. "रोहिणी, काय झालं? जिंकले का?"

"नाही. मी टॉवेल टाकला."

वेदिकाचे डोळे मोठे झाले. आत्ता पहिल्यांदाच ऐकल्यासारखे. "तू? तू टाकलास? जळकी!" आणि पुन्हा तेच सगळं, अर्धा पलंग, मालकीण, एकच राउंड. तिने खिडकीकडे तोंड फिरवलं. क्रूझर जेमतेम दहा-बारा फूट पुढे सरकली.

"कुठे चाललोय गं?"

काकूंनी तोंडाला पदर लावला. लहानूकाका शिव्या देता देता थांबले.

"दवाखान्यात," रोहिणी म्हणाली.

"माझी लढत थांबवली का? कुणी थांबवली?"

"मी."

परत शिवी. तीच, तितक्याच जोरात, तितकीच ताजी. रोहिणीने मान खाली घातली नाही. सिग्नल सुटला, पुन्हा लागला. वेदिकाने कपाळ चोळलं, आजूबाजूला बघितलं, तोंड उघडलं. आता परत तोच प्रश्न येणार हे गाडीतल्या सगळ्यांना कळलं.

"अगं, सांग ना, पंचानं थांबवली म्हनून!" लताकाकू रोहिणीवर खेकसल्या. "तिला कुठं ध्यानात ऱ्हातंय? दर येळी कशाला शिव्या खाती?"

सोपं होतं. एका वाक्याचं काम. पण सोपं म्हणून गप्प बसायचे नऊ दिवस रोहिणी जगून चुकली होती.

"रोहिणी, टॉवेल कुणी टाकला गं?" वेदिकाने विचारलं.

"मी टाकला," रोहिणी म्हणाली.